तुरटीची मिनिटं

उस्तादांचा वस्तरा चालू झाला की त्यांची जीभही चालू व्हायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लागला, मान मागे टेकली, गळ्यावर पातं आलं, की उस्ताद पाणीपुरवठ्यापासून लोकांच्या जावयांपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायचे. खुर्चीतल्या माणसाला हूं की चूं करता यायचं नाही. "तुमच्याशी वाद घालायचा तर दाढी वाढवूनच बसायला हवं," असं घड्याळजी म्हणायचे, आणि तरी दोन दिवसांआड सकाळी नऊच्या ठोक्याला येऊन खुर्चीत बसायचे.

घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. डोळे गेले नव्हते, पण घड्याळं दुरुस्त करून वापरणारे लोक गेले होते. सलूनमधलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच दिलेलं, आणि ते एखादं मिनिट मागे पडलं तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. बाकी सलून म्हणजे दोन खुर्च्या, दोन आरसे आणि काम करणारा एकच माणूस. दुसरी खुर्ची उस्तादांच्या वडिलांची. तिच्यावर आता गिऱ्हाइकांचे कोट, पिशव्या आणि कालची वर्तमानपत्रं बसत. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला बेकरी, समोर औषधांचं दुकान. सगळी उठबस एवढ्याच टापूत.

आरशाशेजारी खिळ्याला एक कॅलेंडर लटकलेलं असे आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली लाल पेन्सिल. ही वडिलांची शिस्त. गिऱ्हाइकाच्या अंगातून रक्ताचा थेंब आला, की त्या तारखेवर ठिपका द्यायचा. शेजारी त्याचं नाव आणि तुरटी किती मिनिटं दाबून धरावी लागली तो आकडा. वडील म्हणायचे, "किती कापलं हे डोळ्यांना विचारू नकोस. डोळे आपलेच, ते आपल्याच बाजूनं साक्ष देणार. तुरटीला विचार. एक मिनिट म्हणजे चूक लहान. तीन मिनिटं म्हणजे मान खाली घाल." रक्त थांबेपर्यंत गिऱ्हाइकानं खुर्चीतून उठायचं नाही, हाही त्यांचाच नियम. अशी एकतीस कॅलेंडरं उस्तादांच्या कपाटात गुंडाळून ठेवलेली होती. बऱ्या वर्षात नऊ-दहा ठिपके. लोक त्यांना उस्ताद म्हणत ते उगाच नाही.

चार गिऱ्हाइकांपुढे आकडा थोडा मोठा असायचा. घड्याळजी, बेकरीवाला, शेजारचा शिंपी आणि एक निवृत्त पोस्टमन. कुणाच्या हृदयाचे ठोके बिघडलेले, कुणाच्या पायाच्या शिरेत कधीतरी गाठ झालेली. चौघेही रक्त पातळ ठेवायची गोळी वर्षानुवर्षं घेत होते. त्यांना चार मिनिटं लागत, फार तर पाच. हे उस्तादांना पाठ होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

मग एका महिन्यात सगळं बिघडलं.

आधी बेकरीवाल्याला सोळा मिनिटं लागली. मग घड्याळजींना अठरा. पोस्टमनला तर पंचवीस. जिथं आधी नुसती लाली यायची तिथं आता थेंब जमायला लागला, आणि जमला की थांबायचं नाव घेईना. मागे गिऱ्हाइकांची रांग, खुर्चीत गळ्याशी बोट धरून बसलेला माणूस, आणि तुरटी दाबून उभे असलेले उस्ताद. वडिलांच्या हिशोबानं पंचवीस मिनिटं म्हणजे वस्तरा पार आत शिरला. दुसरा कुणी असता तर त्यानं पात्याला दोष दिला असता, गिऱ्हाईक हललं म्हटलं असतं. उस्तादांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि स्वतःलाच गुन्हेगार ठरवून टाकलं. हात गेला.

त्यांनी चष्मा बदलला. पाती बदलली. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासून घासून पट्टा गुळगुळीत केला. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी घरी फुगा फुगवून, त्याला फेस लावून, लहानपणी शिकले होते तशी फुग्याची दाढी करायला बसले. बायको डाळ निवडत बघत होती.

"फुटला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"फुग्याला रक्त नसतं," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी दुसरा फुगा घेतला. बायकोनं कपाळाला हात लावला.

घड्याळजी शेवटचे आले तेव्हा त्यांच्या हनुवटीखाली इतकं बारीक खरचटलं की उस्तादांना ते भिंग लावून शोधावं लागलं. तुरटी बावीस मिनिटं धरली. तरी पुरतं थांबलं नाही, तेव्हा कापूस लावून घड्याळजी उठले. "अहो, माझ्यात रक्त फार झालंय, थोडं जाऊ द्या," असं हसून म्हणाले, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकवला आणि गेले. दोन दिवसांनी घरात वाकून उठताना कपाटाचं दार त्यांच्या डोक्याला लागलं. कुणाच्याही घरी लागतं तेवढंच. दुपारी डोकं दुखायला लागलं, संध्याकाळपर्यंत शुद्ध गेली. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं, रात्रीच ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खुर्ची रिकामी राहिली.

उस्ताद घरी भेटायला गेले तेव्हा दारात घड्याळजींचा मुलगा उभा होता. तो शाळेत शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे, आणि लहानपणापासून त्याचे केस उस्तादांनीच कापले होते. तो बाजूला सरकला नाही.

"बाबांची कॉलर दोन दिवस भिजत होती," मास्तर म्हणाला. "आई सारखी कापूस बदलत होती. तुमचा हात गेलाय हे तुम्हाला कळत होतं ना? मग वस्तरा का धरलात?"

उस्ताद तसेच मागे फिरले, सलूनमध्ये आले, वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून फक्त कात्री. कुणी दाढीचं विचारलं तर म्हणायचे, "समोरच्या चौकात एक नवीन दुकान निघालंय, तिथं जा." बोलणंही बंद झालं. पाणीपुरवठा आणि जावई दोघंही सुटले. त्या शांततेत लोकांना केस कापून घ्यायचीसुद्धा चोरी वाटायला लागली.

पाच आठवडे असे गेले. एका सकाळी शिंपी डाव्या हाताचं बोट वर धरून आत आला. बोटाला चिंधी, चिंधी लाल.

"तुरटी द्या," तो म्हणाला. "सुई टोचली."

उस्तादांनी तुरटी ओली करून दाबली आणि सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शिंपी गप्पा मारत होता, उस्ताद काट्याकडे बघत होते. सव्वीस मिनिटांनी रक्त थांबलं.

"मी नाही हात लावला," उस्ताद एकदम म्हणाले.

"ऑं? सुई माझी, बोट माझं. तुम्ही कुठून आलात मध्ये?"

उस्ताद मटकन वडिलांच्या खुर्चीत बसले, गिऱ्हाइकांच्या कोटांवरच. मग उठले, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि दुकान उघडं टाकून घरी गेले. बायकोसमोर ते पसरलं. ती हिशेबी बाई, तिनं बोट ठेवून एकेक ठिपका वाचला आणि म्हणाली, "अहो, त्या महिन्यात या चौघांशिवाय आणखी किती जणांची दाढी केलीत?"

"शंभरावर असतील."

"त्यातले ठिपके दोन. एक-एक मिनिटाचे. हात गेला असता तर सगळ्यांसाठी गेला असता. का तुमचा हात माणसं बघून जातो?"

हे तिनं इतक्या सहज विचारलं की उस्तादांना आपल्याच अकलेची कीव आली. पाच आठवडे वस्तरा खणात कोंडून ठेवला आणि समोर लिहिलेलं वाचलं नाही. पण राग यायला तेवढाच वेळ होता, कारण पुढचा विचार आला. बाकीचे तिघे अजून तीच गोळी घेत होते.

ते तडक समोरच्या औषधाच्या दुकानात गेले. औषधवाला भला माणूस, पण सशाच्या काळजाचा. गोळी तीच, कंपनी तीच, रंगही तोच, असं त्यानं शपथेवर सांगितलं. नवीन खोका केव्हा फोडला? तेही त्याला आठवत होतं, कारण त्याच दिवशी दुकानातला फ्रीज बंद पडला होता. उस्तादांनी कॅलेंडर काउंटरवर ठेवलं. खोका फोडल्यापासून नवव्या दिवशी बेकरीवाल्याची सोळा मिनिटं.

"तो खोका दाखवा."

"नाहीये," औषधवाला खालच्या आवाजात म्हणाला. "गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला होता. पॅकिंग बदलायचंय म्हणाला आणि उरलेला माल परत घेऊन गेला. बदल्यात दुसरा दिला."

"गोळ्या घेणाऱ्यांना काही सांगा म्हणाला?"

औषधवाल्यानं मान हलवली. नाही.

त्या दिवशी उस्तादांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. गोळी बंद करा, असं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टर पूर्वी एकदा म्हणाले होते की ही गोळी मनानं सोडली तर गाठ होऊन माणूस जायचा. ते काम आपलं नाही, हे उस्तादांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फक्त तिघांना गोळा केलं, रिक्षात घातलं आणि डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी असते. तिघांचाही आकडा इतकी वर्षं सरळ होता म्हणून ती तीन महिन्यांतून एकदाच व्हायची. दोन ते तीनच्या मध्ये हवा असलेला आकडा शिंप्याचा सहा निघाला, बेकरीवाल्याचा साडेसहा. पोस्टमनचा नऊ. पोस्टमनला घरीसुद्धा जाऊ दिलं नाही, तिथूनच दवाखान्यात भरती केलं. तो वाचला. आजही तो सांगतो की आयुष्यभर मी लोकांना तारा पोचवल्या, मला मात्र माझी तार न्हाव्यानं आणून दिली.

"उपचार मी करीन," डॉक्टर म्हणाले. "पण गोळीत दोष आहे हे म्हणायचं तर त्याच खोक्यातली गोळी हवी आणि तिच्यावरचा लॉटचा नंबर हवा. नंबराशिवाय कंपनी दारात उभं करणार नाही."

इथं घोडं अडलं. तिघांनी जुन्या गोळ्या दोन-तीन दिवसांपूर्वीच संपवल्या होत्या आणि डॉक्टरांना दाखवल्या त्या बदलून आलेल्या खोक्यातल्या. रिकामी पाकिटं कचऱ्यात गेली होती. शिवाय औषधवाला पाकीट कात्रीनं कापून पाच-सात गोळ्या सुट्या द्यायचा, आणि नंबर छापलेला असतो फक्त एका टोकाला. कंपनीला पत्र लिहिलं, तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं: रक्त पातळ करणाऱ्या औषधानं रक्तस्राव होऊ शकतो, ही गोष्ट माहितीपत्रकात स्पष्ट नमूद आहे. बायकोनं ते वाचून परत पाकिटात घातलं. "पाण्यानं माणूस भिजतो, एवढंच कळवलंय," ती म्हणाली.

पाकीट कापू न देणारा एकच माणूस त्या रस्त्यावर होता. घड्याळजी. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक घड्याळाचा नंबर टिपून ठेवला होता. नंबर नसलेली वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. गोळ्यांचं अख्खं पाकीट घेऊन ते घड्याळाच्या स्प्रिंगा ठेवायच्या पत्र्याच्या डबीत ठेवायचे. ही डबी उस्तादांनी शंभरदा पाहिली होती. ती आता मास्तरच्या घरात होती.

उस्ताद पहिल्यांदा गेले तेव्हा मास्तरनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा सुनेनं "ते घरी नाहीत" म्हणून सांगितलं, आणि मास्तरच्या चपला दारातच होत्या. तिसऱ्यांदा उस्ताद शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहिले. पोरं पांगली, मास्तर बाहेर आला, उस्तादांना बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

उस्तादांनी खिशातून फडकं काढलं, उलगडलं आणि वस्तरा फाटकाच्या कठड्यावर ठेवला.

"हा तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "बाबांच्या डबीतल्या गोळ्या तपासायला दे. गोळ्या चांगल्या निघाल्या, तर दोष माझ्या हाताचा. मग हा वस्तरा नदीत टाक, मी सलून विकून टाकतो. पण गोळ्या खराब निघाल्या आणि आपण दोघं गप्प बसलो, तर दुसऱ्या कुठल्यातरी गावात कुणाचातरी बाप कपाट उघडायला उठेल."

"तुम्हाला सुटायचंय," मास्तर म्हणाला.

"सुटायचंय ना! खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण एवढ्यासाठी आलो असतो तर एकदाच आलो असतो. तीनदा शिव्या खायला आलो नसतो."

मास्तरनं वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि शाळेच्या वह्यांच्या पिशवीत टाकला. तो चालायला लागला. उस्ताद मागोमाग. घरी पोचल्यावर त्यानं डबी आणून दिली. आत दहांपैकी सहा गोळ्या शिल्लक होत्या, आणि पाकिटाच्या टोकाला नंबर जसाच्या तसा.

औषध तपासणीच्या सरकारी कचेरीत तक्रारीचा एक फॉर्म होता. तक्रार करणारा कोण, या रकान्यात तीनच पर्याय: डॉक्टर, रुग्ण, नातेवाईक. कारकुनानं उस्तादांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही यातले कोण?"

"मी दाढी करायचो त्यांची."

"तो रकाना नाहीये."

तेव्हा मास्तरनं फॉर्म ओढून घेतला आणि नातेवाईकाच्या रकान्यापुढे सही केली. सहीनंतर पेन टोपणात घालून तो उस्तादांना म्हणाला, "अजून मी तुम्हाला माफ केलेलं नाही." उस्ताद म्हणाले, "नकोच करू. आधी निकाल येऊ दे."

निकाल यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी उस्ताद कचेरीच्या बाकावर जाऊन बसत. कारकुनाच्या नाकी नऊ आले. उद्या या, परवा या, साहेब दौऱ्यावर आहेत, अशी सगळी उत्तरं संपल्यावर त्यानं उस्तादांना चहा द्यायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे तर त्याच बाकावर त्याचे केस कापून घेतले. काम मात्र निरीक्षक बाईंनी केलं. बाई कमी बोलायच्या. त्यांनी गोळ्या प्रयोगशाळेत पाठवल्या, कंपनीकडून त्याच नंबरचे राखून ठेवलेले नमुने मागवले, आणि कारखान्यातल्या तपासणीचे कागदही. एकदा त्यांनी उस्तादांना एकतीस वर्षांची कॅलेंडरं घेऊन बोलावलं आणि अख्खी दुपार ती वाचत बसल्या.

याच काळात कंपनीचा एक माणूस सलूनमध्ये आला. गुळगुळीत बोलणारा, कडक इस्त्रीचा. खुर्चीत बसला आणि म्हणाला, दाढी करा, जरा बोलायचंही आहे. वस्तरा मास्तरकडे होता. उस्तादांनी वडिलांचा काढला, पट्ट्यावर घासला, फेस लावला, मान मागे घेतली आणि पातं गळ्यावर ठेवलं. पाच महिन्यांनी त्यांच्या हातात वस्तरा आला होता, आणि हात दगडासारखा स्थिर होता.

"आता मी बोलतो," उस्ताद म्हणाले. "तुम्ही ती गोळी घेता का?"

माणसानं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"मग घाबरू नका. तुम्हाला काही होणार नाही. आमचा धंदा वस्तऱ्याचा, पण आम्ही उघड्यावर, आरशासमोर करतो. तुम्ही लोक केसानं गळा कापता. खोका गुपचूप परत नेलात, त्याऐवजी वेळेवर औषधवाल्याच्या कानात चार शब्द सांगितले असतेत, की बाबा, ज्यांना दिल्यास त्यांना शोध, तर माझं गिऱ्हाईक आज तुमच्या जागी बसलं असतं. हलू नका, गालावर आहे. काय देऊ करायला आला असाल ते खिशातच ठेवा. मला तुमच्याकडून एक ओळ हवीये. गोळी चुकली, एवढीच. मी एकतीस वर्षं लिहीत आलोय, तुम्हाला एकदा लिहायला काय होतं?"

दाढी झाली. एक थेंबसुद्धा आला नाही. माणूस टॉवेलनं तोंड पुसत बाहेर पडला आणि जे बोलायला आला होता ते बोलायचं विसरून गेला.

सुनावणीच्या दिवशी खोलीत पंखा कुरकुरत होता. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला मास्तर, त्याची आई, डॉक्टर आणि कोपऱ्यात उस्ताद, मांडीवर कॅलेंडरांची गुंडाळी. प्रयोगशाळेचा अहवाल वाचला गेला. पाकिटावर लिहिलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट औषध प्रत्येक गोळीत होतं. वकील म्हणाले, घरात कशी ठेवली असेल, दमट हवेत गोळ्या बिघडतात. निरीक्षक बाईंनी विचारलं, "बिघडून दुप्पट होतात?" वकिलांनी तो मुद्दा सोडला आणि दुसरा धरला.

"या सगळ्या प्रकरणाची सुरुवात कशावरून, तर एका न्हाव्याच्या कॅलेंडरवरून. हा काय वैद्यकीय पुरावा झाला? त्यानं वाटेल ते आकडे लिहिले असतील."

उस्ताद उभे राहिले. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, वाटेल ते लिहायचं असतं तर मी स्वतःच्या कौतुकाचं लिहिलं असतं. यातला एकेक ठिपका मी माझ्याविरुद्ध दिलाय. आज इतकी चूक झाली, या माणसाला इतकी मिनिटं बसावं लागलं, असं. तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीत स्वतःविरुद्ध लिहिलेला एक तरी कागद आहे का?"

निरीक्षक बाई म्हणाल्या, "आहे."

त्यांनी एक पान पुढे सरकवलं. कारखान्यात राखून ठेवलेल्या नमुन्याची फेरतपासणी. दुसऱ्या एका गावच्या दवाखान्यातून तक्रार आली म्हणून कंपनीनंच ती केली होती. गोळीत औषध जास्त आहे, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं, खाली सही होती, तारीख होती. त्या दिवसापासून कंपनीनं गुपचूप माल गोळा करायला सुरुवात केली. डॉक्टरांना कळवलं नाही, रुग्णांना कळवलं नाही, नाव जाईल म्हणून.

"तारीख किती?" मास्तरनं विचारलं. त्याचा आवाज वर्गात असतो तसा अजिबात नव्हता.

बाईंनी तारीख सांगितली. उस्तादांनी गुंडाळी सोडली, शेवटचं कॅलेंडर उघडलं आणि टेबलावर ठेवलं. त्या तारखेनंतर दहा दिवसांनी घड्याळजींचा बावीस मिनिटांचा ठिपका होता. आणि त्यानंतर दोन दिवसांनी, ठिपका नसलेल्या रिकाम्या चौकोनात, लाल पेन्सिलीनं फक्त लिहिलं होतं: घड्याळजी गेले.

बारा दिवस. मास्तरच्या आईनं पदर तोंडाला लावला. मास्तर त्या दोन तारखांवर दोन बोटं ठेवून बसून राहिला. मधल्या चौकोनांत सकाळी नऊला वडील कुठं कुठं होते, काय काय बोलले, हे त्याला आठवत असावं. फक्त एक निरोप यायचा होता, आणि तो पाठवायला त्या लोकांकडे बारा दिवस होते. याचा राग शब्दांत मावण्याजोगा नाही, आणि तो आवरून सांगण्याचं काही कारणही नाही.

हुकूम निघाला. त्या कारखान्यातलं गोळ्यांचं काम बंद झालं, ज्यांनी कागद दाबून ठेवला त्यांच्यावर खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे आणि उस्ताद त्याच्याही तारखा चुकवत नाहीत. कंपनीला सगळ्या वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागली: अमुक नंबरच्या गोळ्यांमध्ये औषधाचं प्रमाण जास्त होतं, ही आमची चूक आहे, ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी ताबडतोब डॉक्टरांना भेटावं. उस्तादांनी ती कापून आरशाशेजारी चिकटवली. मागितली होती त्याहून दोन ओळी जास्तच मिळाल्या होत्या. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्यांना काहीच वाटलं नाही. खुर्चीकडे पाहिलं की अजून नऊ वाजायचेच.

नोटीस आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, नऊच्या ठोक्याला, मास्तर दारात आला. पिशवीतून फडकं काढलं आणि वस्तरा आरशासमोरच्या फळीवर ठेवला. मग खुर्चीत बसला, मान मागे टेकली आणि हनुवटी वर केली.

"दाढी," तो म्हणाला. "बाबांची करायचात तशी."

उस्तादांनी फेस लावला. पाणीपुरवठ्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पातं गळ्यावर ठेवलं. पुढे केलेला तो गळा, घड्याळजींसारखीच मधोमध खाच असलेली ती हनुवटी, आणि वर मिटलेले डोळे. कंपनीच्या माणसाच्या गळ्यावर न हललेला हात आता हलला. हनुवटीखाली थेंब आला.

उस्तादांनी तुरटी ओली केली आणि दाबली. मास्तरनं डोळे उघडून आरशात पाहिलं. आरशात भिंतीवरचं घड्याळ उलटं दिसत होतं. सेकंदाचा काटा फिरत होता. दोघांनी मिळून त्याच्याकडे टक लावली. काटा जिथून निघाला होता तिथं परत आला, तेव्हा उस्तादांनी तुरटी उचलली. रक्त थांबलेलं होतं.

"एक मिनिट," उस्ताद म्हणाले.

"लिहा," मास्तर म्हणाला.

उस्तादांनी पेन्सिल उचलली, त्या दिवसाच्या चौकोनात ठिपका दिला आणि शेजारी मास्तरचं नाव लिहिलं. मग फेस सुकायच्या आत दुसरा गाल करायला घेतला.